बालवाङ्मयांतील डॉल्फिन

मुलांसाठीं लिहिलेल्या कथाकवितांची चर्चा आपल्या मासिकांतून अधूनमधून होते. परंतु मुलांना सृष्टीची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांकडे टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. असलीं पुस्तकें म्हणजे शाळेचा विषय, त्यांत माहिती खरी असली म्हणजे झालें, वाङ्मयगुणांचा शोध तेथें कशाला, अशी एक समजूत पसरलेली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या पुस्तकांतून मूल एखाद्या प्राण्याला पहिल्यानें भेटतें, त्या पुस्तकानें दिलेली प्रतिमा त्याच्या मनांत पुढें कित्येक वर्षें घर करून राहते. आणि तें मूल मोठें होऊन अधिकारी, होडीवाला अगर प्रवासी झालें म्हणजे त्या प्रतिमेला अनुसरूनच त्या प्राण्याशीं वागूं लागतें. तेव्हां ती प्रतिमा कोणत्या शब्दांनीं घडविली गेली आणि घडवितांना काय दडविलें गेलें, हा प्रश्न शुद्ध वाङ्मयीन आहे, असें आम्ही समजतों.

परीक्षेसाठीं आम्हीं डॉल्फिन हा प्राणी निवडला आहे. कारण असें, कीं मुलांच्या पुस्तकांत इतका लाडका आणि तरीहि इतका अपरिचित असा दुसरा प्राणी क्वचितच सांपडेल. वाघाचें चित्र काढणारा चित्रकार निदान त्याचे दांत तरी दाखवितो. डॉल्फिन मात्र जेथें पाहावा तेथें निळ्या पाण्यावर कमानदार उडी घेत असतो, नाकावर चेंडू तोलीत असतो, आणि हसत असतो. हें हसूंच या साऱ्या वाङ्मयाचें मूळ आहे असें म्हटलें तरी चालेल. वस्तुतः तें हसूं नव्हेच. मुखाची रेषा गालाकडे वर वळलेली असणें ही त्या प्राण्याची हाडामांसाची ठेवण आहे. मनुष्याप्रमाणें चेहऱ्यावर भाव आणण्याची सोय त्याला नाहीं. तो भुकेला असो, भ्यालेला असो, जाळ्यांत गुदमरत असो, किंबहुना मरून वाळूवर पडलेला असो, मुखावरची ती रेषा जशीच्या तशी राहते. एका शरीररचनेचा मनुष्यानें आपल्या सोईचा अर्थ लावला, आणि त्या अर्थावर पुस्तकांच्या राशी उभ्या राहिल्या.

ही चूक जुनी आहे खरी. परंतु तिच्याहूनहि जुनें असें एक शहाणपण आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अ‍ॅरिस्टॉटलनें प्राण्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत डॉल्फिन येतो तो मित्र म्हणून नव्हे, तर एक कोडें म्हणून. तो पाण्यांत राहतो, पण श्वास हवेंतून घेतो. माशासारखा दिसतो, पण पिलें जिवंत जन्माला घालतो आणि त्यांना दूध पाजतो. झोंपेंत तोंड पाण्यावर ठेवून तो घोरतो असेंहि लोक सांगतात. कोळी लोक पकडलेल्या डॉल्फिनच्या शेपटाला खांच पाडून त्याला पुन्हां सोडून देत, आणि त्या खुणेवरून त्याचें वय ताडीत. पंचवीस-तीस वर्षें जगलेले डॉल्फिन अशा रीतीनें माहीत झाले, असें तो लिहितो. आज अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या सारासोटा उपसागरांत १९७० पासून जें निरीक्षण अखंड चाललें आहे, त्यांत पाठीवरील पराच्या कडेच्या खांचा पाहूनच एकेक डॉल्फिन ओळखला जातो. तेवीसशें वर्षांपूर्वींच्या कोळ्याची युक्ति आणि आजच्या संशोधकाची युक्ति यांतील हें साम्य एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला सांगून पाहावें. चेंडूच्या खेळापेक्षां तें त्याला अधिक मोहील अशी आमची खात्री आहे. आणि तरीहि आपल्याकडे अजून सर्रास ‘डॉल्फिन मासा’ असेंच लिहिलें जातें! अ‍ॅरिस्टॉटलनें जो गोंधळ निस्तरला, तो आपण एका शब्दांत पुन्हां घालून ठेवतों.

रोमन लेखकांच्या हातीं हा प्राणी गेला आणि तेथें तो मनुष्याचा सखा झाला. थोरल्या प्लिनीनें सांगितलेली गोष्ट मुलांच्या पुस्तकांतून अजूनहि फिरत असते. ऑगस्टस बादशहाच्या काळीं ल्यूक्राइन सरोवरांत एक डॉल्फिन होता. एका गरीब घरच्या मुलानें भाकरीचे तुकडे घालून त्याला लळा लावला. तो डॉल्फिन त्या मुलाला रोज पाठीवर घेऊन पलीकडच्या कांठावरील शाळेंत पोंचवी व परत आणी. पुढें तें मूल आजारानें वारलें, आणि डॉल्फिन नेहमींच्या जागीं येऊन वाट पाहात पाहात झुरून मेला. कथा गोड आहे. वत्सल आणि करुण हे दोन्ही रस तींत आहेत. परंतु तींत डॉल्फिनला स्वतःचें असें कांहींच नाहीं. त्याची आई कोठें आहे, त्याचे सोबती कोठें आहेत, मासे व माकूल खाणारा हा प्राणी भाकरीकडे कां वळला, यांपैकीं एकाहि प्रश्नानें लेखक अस्वस्थ होत नाहीं. मुलाच्या गोष्टींत तो केवळ एक वाहन आहे, आणि मूल मेल्यावर वाहनाचें काम संपतें.

याच प्लिनीच्या भाच्यानें, म्हणजे धाकट्या प्लिनीनें, आपल्या एका कविमित्राला पत्रांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील हिप्पो या गांवची अशीच एक हकीकत कळविली आहे. आमच्या मतें मुलांच्या वाङ्मयाच्या दृष्टीनें ही दुसरी हकीकत पहिलीपेक्षां फार मोलाची आहे. तेथेंहि पोहणाऱ्या मुलाला डॉल्फिन पाठीवर घेतो. तेथेंहि गांव लोटतें. परंतु पुढें काय होतें? दूरदूरचे अधिकारी हा चमत्कार पाहावयास येऊं लागतात. त्यांची बडदास्त ठेवतां ठेवतां त्या लहानशा गांवाची तिजोरी रिकामी होते, गांवची शांतता जाते. आणि शेवटीं ज्याला पाहावयास लोक येत होते त्यालाच गुपचूप मारून टाकण्याचें ठरतें. धाकटा प्लिनी हें सारें कांहींशा अलिप्तपणानें लिहितो, आणि विषय काव्याला चांगला आहे असें मित्राला सुचवितो. त्या कवीनें काय केलें तें असो. मुलांसाठीं जेव्हां ही गोष्ट सांगितली जाते तेव्हां शेवट कापून सांगितली जाते, आणि मग तिच्यांत व ल्यूक्राइनच्या गोष्टींत फारसा फरक उरत नाहीं. कापलेला तो शेवट हाच त्या गोष्टींतला एकमेव असा भाग आहे, कीं ज्यांत मनुष्य स्वतःकडे पाहतो.

असल्या गोष्टी केवळ प्राचीन काळींच घडत होत्या असें नाहीं. १९५५ च्या अखेरीस न्यूझीलंडमधील ओपोनोनी या खेड्याच्या किनाऱ्यावर एक एकटी डॉल्फिन मादी येऊं लागली. ती मुलांत मिसळे, चेंडू खेळे. लोकांनीं तिला ‘ओपो’ असें नांव दिलें, आणि उन्हाळाभर त्या खेड्याकडे माणसांचा पूर लोटला. तिच्या संरक्षणासाठीं केलेला नियम ८ मार्च १९५६ रोजीं अमलांत आला. ९ मार्चला ती खडकांच्या कपारींत मेलेली आढळली. तिच्या मृत्यूचें कारण निश्चित झालें नाहीं. ओपोवर पुढें गाणीं झालीं, पुस्तकें झालीं. त्या पुस्तकांची परीक्षा एका प्रश्नानें होते: ती आपल्या कळपाला सोडून एकटी कां आली, हा प्रश्न लेखकाला पडला आहे कीं नाहीं? डॉल्फिन हा सोबतीनें जगणारा प्राणी आहे. जो एकटाच मनुष्याकडे येतो तो आपल्या जातीच्या जीवनक्रमांतून बाहेर पडलेला असतो. अपवादाला नियम समजून मुलांच्या पुढें ठेवावयाचें, आणि मग मुलानें प्रत्येक डॉल्फिनकडून पाठीवर बसविण्याची अपेक्षा करावयाची, हा प्रकार वाङ्मयांत चालला आहे.

चित्रपटानें तर याच्यावर कळस चढविला. ‘फ्लिपर’ हा अमेरिकन बोलपट १९६३ चा. १९६४ पासून १९६७ पर्यंत त्याच नांवाची मालिका दूरचित्रवाणीवर चालली. तिच्यांतला डॉल्फिन घरच्या कुत्र्यासारखा मुलांच्या हांकेला ओ देतो, चोर पकडून देतो, बुडणाऱ्यास वांचवितो. पडद्यावरचा हा एक ‘फ्लिपर’ म्हणजे प्रत्यक्षांत कित्येक डॉल्फिन, आणि त्यांतहि बहुतेक माद्या. आणि त्याचा म्हणून जो आवाज जगांतील मुलें ओळखूं लागलीं, तो ऑस्ट्रेलियांतील कूकाबरा नांवाच्या पक्ष्याच्या ओरडण्यावरून तयार केलेला होता! ज्या प्राण्याचें सारें जीवन ध्वनीवर उभें आहे, त्याचा आवाजच काढून घेऊन त्याच्या तोंडीं पक्ष्याचा आवाज घालावा, यापेक्षां या साऱ्या प्रकारावर अधिक मार्मिक टीका आम्हांस सुचणार नाहीं. त्या डॉल्फिनांना शिकविणारा रिक ओबॅरी हा गृहस्थ, त्यांपैकीं एक मादी १९७० सालीं मेल्यानंतर, आपला धंदा सोडून कोंडलेल्या डॉल्फिनांच्या मुक्ततेच्या चळवळींत पडला, आणि पुढचें सारें आयुष्य त्यानें तींत घालविलें. मालिका पाहिलेल्या मुलांपैकीं कितीकांनीं हा उत्तरभाग ऐकला असेल?

येथें कोणी म्हणेल, कीं मुलाला प्रथम प्रेम वाटूं द्या. ज्ञान मागाहून येईल. प्रेमच नसेल तर रक्षणाची इच्छा कोठून यावयाची? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. समुद्रांतील सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा अमेरिकेचा कायदा १९७२ चा आहे, आणि त्यामागें जें लोकमत उभें राहिलें त्याच्या घडणींत त्या भाबड्या मालिकेचाहि वांटा असला पाहिजे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. पण त्याच प्रेमानें जगभर तलावांतल्या डॉल्फिनांचे खेळहि उभे केले, हेंहि विसरतां येत नाहीं. ज्याच्यावर प्रेम त्याला जवळून पाहावें, हात लावावा, त्याच्याशीं खेळावें, असें मुलाला वाटणारच. आणि तो हट्ट पुरविणारे व्यापारी पैसे घेऊन तयारच असतात. आपल्या देशांत मे २०१३ मध्यें केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें राज्यांना कळवून असल्या खेळांसाठीं डॉल्फिन कोंडून ठेवण्यास मनाई केली, हें फार चांगलें झालें. परंतु सरकारनें तलावाचें दार बंद केलें तरी पुस्तकांतला चेंडू अजून डॉल्फिनच्या नाकावरच आहे.

अलीकडच्या इंग्रजी बालवाङ्मयांत अधिक गंभीर प्रयत्न झालेले नाहींत असें नव्हे. कॅरेन हेस या लेखिकेची ‘द म्यूझिक ऑफ डॉल्फिन्स’ ही १९९६ ची कादंबरी आम्हांस उल्लेखनीय वाटते. डॉल्फिनांत वाढलेली मिला नांवाची मुलगी मनुष्यांच्या हातीं लागते, संशोधक तिला भाषा शिकवितात, आणि ती आपली हकीकत आपणच सांगते. आरंभीं वाक्यें तुटक, शब्द थोडे आणि टाइप मोठा. भाषा येत जाते तसतसा टाइप लहान व वाक्यें गुंतागुंतीचीं होतात. आणि तिचें मन पुन्हां समुद्राकडे ओढ घेऊं लागतें तेव्हां अक्षरें पुन्हां मोठीं होऊं लागतात. ही युक्ति केवळ चमत्कृति नव्हे. भाषा मिळविणें म्हणजे कांहीं तरी गमावणेंहि आहे, ही गोष्ट लहान वाचकाला ती डोळ्यांनीं दाखविते. मनुष्याचें मूल डॉल्फिनांत वाढूं शकत नाहीं, हा आक्षेप येथें अप्रस्तुत आहे. कल्पित कथेला तेवढी मुभा असतेच. आमचा असंतोष निराळा आहे. या कादंबरींत डॉल्फिन हे मनुष्याच्या कुटिलपणासमोर धरलेल्या आरशासारखे आहेत. मनुष्य जितका बंदिस्त, तितके ते मुक्त. मनुष्य जितका स्वार्थी, तितके ते प्रेमळ. सखा गेला आणि त्याच्या जागीं ऋषि आला, एवढाच फरक! दोन्ही रूपांत डॉल्फिनला डॉल्फिन म्हणून जगण्याची परवानगी मिळत नाहीं.

आणि तें जगणें केवढें नवलाचें आहे! पिलूं बहुधा शेपटीकडून जन्मतें. जन्मल्याबरोबर त्याला पहिलें काम करावयाचें तें पाण्यावर येऊन श्वास घेण्याचें. कारण पाण्यांतच जन्म झाला तरी पाणी त्याच्या फुप्फुसांचें वैरी आहे. आईच्या अंगाशीं लागून पोहलें म्हणजे तिच्या पोहण्यानें पाण्याला जी ओढ लागते तिच्यावर तें निम्म्या कष्टांत पुढें जातें. दोन वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक, तें दूध पितें, आणि तीनपासून सहा वर्षेंपर्यंत आईच्या मागें राहतें. श्वास घेणें हें डॉल्फिनला आपल्यासारखें आपोआप घडत नाहीं. प्रत्येक श्वास जाणून घ्यावा लागतो, आणि म्हणून त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोंपतो तेव्हां दुसरा जागा असतो. अर्ध्या मेंदूनें झोंपणाऱ्या प्राण्याला स्वप्नें पडत असतील काय, असें एखादें मूल विचारील. तें विचारूं द्यावें. ज्या पुस्तकांतून असले प्रश्न उत्पन्न होत नाहींत, तें पुस्तक कितीहि रंगीत असलें तरी मुलाला शेवटच्या पानापलीकडे नेत नाहीं.

ध्वनीचा विषय तर मुलांसाठींच निर्माण झाला आहे असें वाटतें. श्वासरंध्राखालील नासिकामार्गांत हा प्राणी टक्‌टक्‌ असे सूक्ष्म आवाज काढतो. कपाळांतील चरबीचा गोळा, भिंग जसें प्रकाशाला तसा, त्या आवाजाला एकत्र करून पुढें फेंकतो. आणि वस्तूवर आपटून परत येणारा प्रतिध्वनि खालच्या जबड्यांतील चरबींतून कानापर्यंत पोंचतो. म्हणजे डॉल्फिन जबड्यानें ऐकतो असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९६० च्या सुमारास केनेथ नॉरिस यानें एका डॉल्फिनचे डोळे झांकून तो अडथळ्यांतून न आपटतां जातो हें दाखविलें, तेव्हां या शक्तीविषयीं संशय उरला नाहीं. शिवाय प्रत्येक बाटलीमुखी डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते, ती तो लहानपणीं सिद्ध करतो. आणि २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडकडील प्रयोगांत असें दिसलें, कीं आपली शीळ कोणी वाजविली तर तो तिला उत्तर देतो. आपण डॉल्फिनला ‘फ्लिपर’ म्हटलें, ‘ओपो’ म्हटलें. त्याला त्याचें नांव आधींच होतें. ऑस्ट्रेलियाच्या शार्क उपसागरांतील कांहीं माद्या तळाशीं शिकार धुंडाळतांना खरचटूं नये म्हणून चोंचीवर स्पंज धरतात, आणि ही कला मुलगी आईपासून शिकते, हें तर एखाद्या परीकथेंतहि शोभेल. येथें लेखकानें वर्णनाचा अतिरेक करण्याचें कारणच नाहीं. अद्भुतरस वस्तूंतच आहे, त्याला फक्त वाट द्यावयाची आहे.

परंतु त्याच उपसागरांतील निरीक्षणांतून दुसरेंहि कांहीं कळलें आहे. नर दोघे-तिघे मिळून टोळी करतात आणि एखाद्या मादीला दिवसचे दिवस, कधीं आठवडेच्या आठवडे, आपल्या ताब्यांत ठेवतात. स्कॉटलंडच्या मरी खाडीकडे आणि अमेरिकेंत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, १९९० नंतरच्या दशकांत, बरगड्या मोडलेलीं व दांतांचे ओरखडे उठलेलीं पिलें मरून वाहात आलीं. तीं मोठ्या डॉल्फिनांनींच मारलेलीं होतीं. हें मुलांना सांगावयाचें कीं नाहीं? आम्हांस वाटतें, वयोमानाप्रमाणें गाळणें निराळें आणि खोटें सांगणें निराळें. सहा वर्षांच्या मुलाला मेलेल्या पिलांची गोष्ट न सांगणारा लेखक दोषी नाहीं. पण डॉल्फिन कोणालाहि दुखवीत नाहींत असें त्याला सांगणारा लेखक दोषी आहे, कारण बाराव्या वर्षीं जेव्हां त्याला खरें कळेल तेव्हां त्याचा राग लेखकावर न होतां डॉल्फिनवर होईल. आणि त्याच डॉल्फिनांच्या कुळांतील सर्वांत थोर प्राणी, किलर व्हेल म्हणून ओळखला जाणारा, त्याची एक मादी २०१८ च्या उन्हाळ्यांत पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याजवळ आपलें मेलेलें पिलूं सतरा दिवस वाहून नेत होती. पिलूं मारणारे आणि मेलेलें पिलूं न टाकणारी, हीं दोन्ही चित्रें एकाच कुळांतलीं आहेत. त्यांतलें एकच दाखवून दुसरें झांकणें ही निवड झाली, वर्णन नव्हे.

असें लिहितां येतें याचा पुरावा परभाषेंत शोधावयास नको. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी मुलांसाठीं लिहिलेली नाहीं. परंतु लंगूर वानरांच्या टोळीवरील सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे जाते व त्यांत रक्त सांडतें, हें त्यांनीं ज्या संयमानें सांगितलें आहे तो संयम प्रत्येक बाललेखकानें अभ्यासावा असा आहे. वानरांना नांवें दिलीं, पण माणसें केलें नाहीं. क्रौर्य दाखविलें, पण त्याची चव घेतली नाहीं. इंग्रजींत रॅचेल कार्सननें ‘अंडर द सी-विंड’ या १९४१ च्या पुस्तकांत बांगड्याच्या कुळांतील एका माशाला नायक केलें, आणि त्याला नांव दिलें तें त्याच्या शास्त्रीय नांवांतूनच घेतलेलें. वाचक त्या माशाच्या मागोमाग समुद्रभर जातो, आणि तरीहि तो मासा मासाच राहतो. डॉल्फिनला असा लेखक मराठींत मिळावा, ही आमची इच्छा आहे.

मराठीचा प्रश्न आला म्हणून एका शब्दाचा इतिहास सांगणें येथें अवश्य वाटतें. संस्कृतांत या प्राण्याला शिशुमार म्हणतात. शब्दाची रूढ फोड केली तर अर्थ निघतो ‘शिशूंना मारणारा’. मुलांना ज्याची ओळख करून द्यावयाची त्याचें हें नांव! भागवताच्या पांचव्या स्कंधांत सारें ज्योतिश्चक्र शिशुमाराच्या रूपानें कल्पिलें आहे, आणि त्याच्या शेपटाच्या टोंकाशीं ध्रुव बसविला आहे. पुढें शब्दाचे रस्ते फुटले. हिंदींत तो ‘सूंस’ होऊन गंगेंतल्या डॉल्फिनपाशींच राहिला. पालींत ‘सुंसुमार’ म्हणजे मगर झाला, आणि मराठींतहि ‘सुसर’ ही मगरीच्याच घरांत गेली. अशा रीतीनें आपल्या भाषेंत नांव उरलें तें भलत्याच प्राण्याला, आणि खरा प्राणी आला तो इंग्रजी नांव घेऊन, इंग्रजी पुस्तकांतल्या चित्रासह.

गंगेंतला हा सूंस आमच्या मतें सर्व डॉल्फिन-वाङ्मयाची कसोटी आहे. तो हसत नाहीं. त्याची चोंच लांब व अरुंद, मिटली तरी दांत बाहेर दिसतात. डोळ्यांत भिंगच नाहीं, उजेड-अंधार कळला तर कळतो. गढूळ पाण्यांत एका कुशीवर वळून तो तळ चाचपीत पोहतो, आणि अखंड आवाज करीत त्या आवाजावरच जगतो. क्षणभर वर येतो, ‘सूं’ असा श्वास टाकतो, आणि नाहींसा होतो. त्या श्वासावरूनच लोकांनीं त्याचें नांव ध्यानांत ठेवलें असावें. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत ज्या प्राण्यांना अवध्य ठरविलें आहे त्यांत ‘गंगापुपुटक’ असा एक आहे, आणि तो हाच, असें पुष्कळ विद्वान् मानतात. १८०१ सालीं विल्यम रॉक्सबर्गनें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. बिहारांत सुलतानगंज ते कहलगांव या गंगेच्या पट्ट्यांत त्याच्यासाठीं १९९१ मध्यें विक्रमशिला अभयारण्य झालें. २००९ सालीं तो भारताचा राष्ट्रीय जलचर ठरला. मार्च २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या गणनेंत अठ्ठावीस नद्यांतून मिळून ६,३२७ नदी-डॉल्फिन असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले तीनच सिंधूच्या कुळांतले, बियास नदींत. बंधाऱ्यांनीं त्याच्या नदीचे तुकडे केले, जाळ्यांत तो गुदमरतो, त्याच्या चरबीचें तेल मासे धरण्याचें आमिष म्हणून वापरलें गेलें. चीनमधील यांगत्से नदींतला त्याचा एक दूरचा भाईबंद २००६ सालीं सहा आठवडे शोधूनहि एकसुद्धां सांपडला नाहीं. हें सारें पुस्तकांत यावें. परंतु त्याआधीं, त्या आंधळ्या, दांतांनीं भरलेल्या, न हसणाऱ्या तोंडाकडे पाहून मुलाला कुतूहल वाटेल असें एक पान लेखकानें लिहून दाखवावें. बाटलीमुखी डॉल्फिनवर लिहिणें सोपें आहे. त्याची बाजू त्याच्या तोंडानें आधींच मांडलेली असते.

आपल्या किनाऱ्याचा डॉल्फिन आणखी तिसराच. कोंकणांत व गोव्यांत तीराजवळ, खाड्यांच्या मुखाशीं उथळ पाण्यांत जो दिसतो तो बहुधा कुबड असलेला, करड्या रंगाचा; पाठीवरच्या उंचवट्यावर एक लहानसा पर असतो. वर येतांना तो आधीं चोंच पाण्याबाहेर काढतो, मग पाठीचें कुबड दिसतें, आणि संपलें. होडीच्या पुढच्या लाटेवर खेळण्याची त्याला फारशी हौस नाहीं. उलट तो होड्यांना टाळतो. त्याची जात आतां धोक्यांत आलेल्यांत गणली जाते. तारकर्लीस, हर्णैला, गोव्यांत सिंकेरीला, सुटींतलीं मुलें होडींत बसून त्याला पाहावयास जातात. पुस्तकांत पाहिलेली उडी त्यांना हवी असते, होडीवाल्यालाहि गिऱ्हाइकाला खूष करावयाचें असतें, आणि मग चार-पांच होड्या मिळून त्या कुबडाच्या मागें लागतात. कुबड दोनदां दिसतें. ‘एवढेंच?’ असें मूल म्हणतें. त्या मुलाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याची निराशा पुस्तकानें आधींच लिहून ठेवलेली होती. जर त्याला कोणीं सांगितलें असतें, कीं चोंच आधीं दिसेल, तिच्याकडे लक्ष ठेव. पिलूं असलें तर तें रंगानें फिकें असेल व आईच्या कुशीला असेल. दोन श्वासांमध्यें किती आंकडे होतात तें मोज आणि होडीवाल्याला यंत्र बंद करावयास सांग. तर तेंच दोनदां दिसलेलें कुबड त्याला पुरलें असतें.

आणि त्या किनाऱ्यावर आणखी एक मूल असतें, ज्याचा विचार या विषयावर लिहिणारे सहसा करीत नाहींत. तें कोळ्याचें. त्याच्या घरीं डॉल्फिन म्हणजे जाळीं फाडणारा व जाळ्यांतले मासे पळविणारा, आणि कधीं तरी पहाटे जाळ्यांतच अडकून मेलेला निघणारा प्राणी. शहरांतल्या मुलाहून त्यानें डॉल्फिन शंभरपट अधिक पाहिलेला असतो, आणि छापील पुस्तकांत त्याच्या अनुभवाचा एक शब्दहि नसतो. फाटलेल्या जाळ्याची किंमत आणि मेलेल्या डॉल्फिनची हळहळ हीं दोन्ही एकाच घरांत कशीं राहतात, हें प्रकरण ज्या लेखकाला लिहावयाचें असेल त्यानें परदेशी पुस्तकें कांहीं दिवस बाजूला ठेवावींत, आणि मालवण-देवगडकडे जाऊन जाळीं शिवीत बसलेल्या त्या मुलाच्या बापाला आधीं विचारावें.